आधी हवा चेक करा, मग स्प्रिंगला हात लावा

शनिवारी दुपारी पुण्याहून घरी आलो की सावेडीत एक देखावा हमखास दिसतो. कुठल्यातरी बंगल्यासमोर जॅकवर चढवलेली हॅचबॅक, बाजूला उघडा पडलेला पान्ह्यांचा डबा, एक पोरगा गाडीखाली आणि दोन पोरं मोबाईलमधला व्हिडिओ बघून त्याला सूचना देतायत. काय चाललंय विचारलं तर उत्तर ठरलेलं. "सस्पेन्शन अपग्रेड करतोय दादा. घरच्या घरी. दोन हजारात काम."

आजचं लिखाण या पोरांच्या विरोधात आहे. पण आधीच सांगून टाकतो, दीड वर्षापूर्वी गाडीखालचा तो पोरगा मीच होतो. त्यामुळे जरा चिडून लिहितोय. सांभाळून घ्या.

तर झालं असं. आमची गाडी २०१३ ची, साधी पेट्रोल हॅचबॅक. बाबांनी कर्ज काढून घेतलेली, आणि त्या कर्जाचा शेवटचा हप्ता फिटला त्या दिवशी घरात पेढे आलेले. नव्वद हजार किलोमीटर झाले होते. पाच जण बसले आणि डिक्की भरली की कॉलनीच्या तोंडाशी असलेल्या स्पीडब्रेकरला गाडीचं पोट घासायचं. तो 'खर्रर्र' आवाज आला की बाबांचा चेहरा बघवत नसे. मी घरातला इंजिनिअर (कॉम्प्युटरचा का असेना), म्हटलं आपण सोडवू. इंटरनेटवरून रबरी बफर मागवले. स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये कोंबायची जाड रबराची कडी असतात ती. मागच्या दोन चाकांना दोन, अठराशे रुपये. रविवारी सकाळी जॅक लावला, साबणाचं पाणी लावून कडी आत सारली, चाळीस मिनिटांत काम फत्ते. शेजारचे काका येऊन "शिक्षणाचं सार्थक झालं" म्हणून गेले. गाडी घासायची थांबली. वर "वळणावर आता कशी घट्ट वाटते बघा" असं मी बाबांना चार वेळा ऐकवलं.

त्यानंतर तीन आठवड्यांनी पुण्यात चुलतबहिणीचा साखरपुडा होता. नोव्हेंबर महिना, अवकाळी पाऊस. रात्री परत येताना मी गाडी चालवत होतो, बाबा शेजारी, आई मागे एकटी डुलक्या घेत. शिरूर सोडलं. सत्तरच्या आसपास स्पीड असेल. समोर अचानक उसाची ट्रॉली. मागे लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर नाही, अंधारात उसाच्या पाचटाचा नुसता काळा ढीग. मी उजवीकडे ओढली, ट्रॉली चुकली, आणि परत डावीकडे आणली. त्या परतीच्या वळणात गाडीचा मागचा भाग सुटला. म्हणजे स्टिअरिंग डावीकडे आणि गाडीचं ढुंगण उजवीकडे, मग उलटं, मग पुन्हा उलटं. शेवटी रस्ता सोडून साइडपट्टीच्या चिखलात जाऊन थांबलो. समोरून कोणी येत नव्हतं म्हणून आज हे लिहायला आहे. आईचं डोकं दाराच्या काचेवर आपटलं होतं, टेंगूळ आलं. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग आई म्हणाली, "ते रबर काढून टाक."

मला राग आला होता. ट्रॉलीवाल्याचा दोष, पावसाचा दोष, आणि ही रबराचं काय घेऊन बसली! गाडीतलं तिला काय कळतं? घरी येऊन दोन दिवस वाचत बसलो. आईचं बरोबर होतं.

गाडी वळते तेव्हा वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर सरकतं, हे बसमध्ये उभं राहिलेल्या कोणालाही माहीत आहे. पण हे सरकणारं वजन पुढच्या आणि मागच्या चाकांत कसं वाटलं जातं? तर जी बाजू जास्त कडक, तिच्या वाट्याला जास्त. आणि टायरची गोची अशी की त्यावर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही, कमीच भरते. म्हणून जी जोडी जास्त कडक, तिची एकूण पकड आधी संपते. कंपनीने साध्या गाड्यांचा हिशेब असा ठेवलेला असतो की पकड संपलीच तर आधी पुढच्या चाकांची संपावी. गाडी थोडी सरळ घसरते, घाबरलेला माणूस ॲक्सिलरेटर सोडतो, आणि गाडी ताब्यात येते. मी अठराशे रुपयांत हा हिशेब उलटा केला होता. वर मागे एकटी आई, डिक्की रिकामी, म्हणजे कडक झालेल्या स्प्रिंगवर वजनच नाही. ओल्या रस्त्यावर मागची चाकं टेकण्यापेक्षा उड्याच जास्त मारत असणार. जी 'घट्ट' भावना मी बाबांना कौतुकाने सांगत होतो, ती हीच.

आता गंमत बघा. आमचं नगर (कागदोपत्री २०२४ पासून अहिल्यानगर, बोलताना अजून नगरच) गाड्यांच्या बाबतीत ऐरंगैरं गाव नाही. डीआरडीओची व्हीआरडीई, म्हणजे वाहन संशोधन आणि विकास संस्था, इथलीच. नवीन मॉडेल विकायला काढण्याआधी त्याचा नमुना ज्या संस्थांकडून तपासून घ्यावा लागतो, त्यांची यादी केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२६ मध्ये आहे. त्या यादीत पुण्याच्या एआरएआयच्या जोडीला नगरच्या व्हीआरडीईचं नाव आहे. म्हणजे ज्या गावाच्या हद्दीत गाड्या ट्रॅकवर पळवून मोजमाप घेतात, त्याच गावात आम्ही अंगणात बसून 'वाटतंय घट्ट' एवढ्या मोजमापावर स्प्रिंगमध्ये रबर कोंबतो. ऑफिसमध्ये कोणी टेस्ट न करता थेट प्रॉडक्शनवर कोड टाकला तर मी त्याची सालटी काढतो. स्वतःच्या आईबापाला बसवायच्या गाडीत मात्र मी तेच केलं.

हा विचार येतो कुठून? माझ्या मते पिकअप आणि जीपवरून. आपल्याकडे नेप्तीच्या बाजारात कांदा नेणारा पिकअपवाला "एक पाटा वाढवून दे" म्हणतो आणि मिस्त्री मागच्या पाट्यांत एक जादा पाटा घालून देतो. त्याच्या परीने त्याचं गणित असतं, कारण त्याच्या पाठीवर रोज माल असतो. तेच गणित आपण कारला लावतो. पण कार वर्षातले तीनशे दिवस एक नाहीतर दोन माणसं घेऊन फिरते. पाच माणसांच्या चार ट्रिपांसाठी उरलेले सगळे दिवस गाडी बिघडवून ठेवायची, हा कसला अपग्रेड?

आणि रबरवाले तरी बरे म्हणायची वेळ आणतात ते स्प्रिंग कापणारे. गाडी 'लो' दिसावी म्हणून ग्राइंडरने एक वेटोळं उडवायचं. "खाली बसली की सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी खाली येतो, हँडलिंग सुधारतं." अर्ध वाक्य खरं आहे, म्हणूनच ते घातक आहे. कॉईल स्प्रिंगचा कडकपणा कामाच्या वेटोळ्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात असतो. सहातलं एक कापलं तर स्प्रिंग वीस टक्के कडक होते. त्याच वेळी चाकाला वर यायला जागा कमी उरते, म्हणजे खड्ड्यात गाडी बंप स्टॉपवर आपटते, आणि आपटते त्या क्षणी कडकपणा एकदम कितीतरी पट होतो. वळणात असं झालं की टायरची पकड दाणकन सुटते. कापलेलं टोक वाटीत नीट बसत नाही ते वेगळंच. चाक पूर्ण खाली लोंबकळलं की स्प्रिंग जागेवरून सरकू शकते. हे सगळं फुकटात मिळतं म्हणे.

"मग रबर वाईटच का? मिनीला तर रबराचं सस्पेन्शन होतं!" असं एका मित्राने मला सुनावलं. होतं ना. १९५९ मध्ये ॲलेक इसिगोनिसने मिनी आणली तेव्हा तिला स्प्रिंगऐवजी रबरी शंकू होते, ॲलेक्स मोल्टनने केलेले. पण त्या माणसाने रबर हीच मुख्य स्प्रिंग धरून सगळी गाडी तिच्याभोवती बेतली होती. तसंच मॉरिस ऑली नावाचा इंजिनिअर. १९३० च्या दशकात त्याने अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये पुढच्या आणि मागच्या स्प्रिंगांचा आपसातला ताळमेळ प्रयोग करून शोधला. मागची बाजू पुढच्यापेक्षा किंचित जलद हलावी, म्हणजे ब्रेकरवरून गेल्यावर गाडी पुढेमागे झोपाळ्यासारखी डोलत नाही. किंचित! हा 'किंचित' शोधायला माणसांनी आयुष्यं घातली, आणि आपण तो साबणाच्या पाण्याने चाळीस मिनिटांत उडवून लावतो.

बरं, नुसत्या शिव्या घालून थांबलो तर मला कोणी विचारेल, "मग आम्ही करायचं काय? शोरूममध्ये जाऊन वीस हजार देऊन यायचं?" मुळीच नाही. घरच्या घरी, कमी पैशात गाडी सुधारते, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. फक्त क्रम चुकतोय. माझं म्हणणं एवढंच आहे की दहा वर्षं जुन्या गाडीला आधी तिची स्वतःची चाल परत द्या. नवीन काही बसवायचा विचार त्यानंतर. बहुतेकांना त्यानंतर गरजच उरत नाही.

मी रबर काढल्यावर काय केलं ते क्रमाने सांगतो.

पहिलं, हवा. साडेचारशे रुपयांचं प्रेशर गेज घेतलं आणि सकाळी टायर थंड असताना मोजलं. चार चाकांत चार आकडे! सर्वांत कमी २६, सर्वांत जास्त ४०. पंक्चरच्या दुकानात "किती भरू?" विचारतात आणि आपण "भरा की पस्तीस" म्हणतो, त्याचं हे फळ. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर स्टिकर असतं, त्यावर तुमच्या गाडीचे आकडे छापलेले असतात. पूर्ण भरलेल्या गाडीसाठी मागच्या चाकांचा आकडा बहुधा जास्त दिलेला असतो, म्हणजे पाच माणसांची सोय कंपनीने आधीच करून ठेवली आहे. टायर हीच गाडीची पहिली स्प्रिंग. ती तपासायला जॅकसुद्धा लागत नाही.

दुसरं, टायरचं वय. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. २३१८ असेल तर २०१८ सालचा तेविसावा आठवडा. आमचे टायर नक्षीने चांगले दिसत होते, पण वय सात वर्षं, रबर दगडासारखं. ओल्या रस्त्यावरच्या त्या रात्री यांचाही हात होता. इथे स्वस्तात काम होत नाही हे प्रामाणिकपणे सांगतो. चार टायरना सोळा हजार गेले, दोन टप्प्यांत घेतले. पण लायटिंग, स्पॉयलर आणि आवाज करणाऱ्या सायलेन्सरला पैसे असतील तर कृपया टायर महाग आहेत म्हणू नका.

तिसरं, शॉकअप. स्प्रिंग गाडीला उचलून धरते, शॉकअप तिची उडी जिरवतो. शॉकअप गेला की स्प्रिंग डोलत राहते. गाडीचा कोपरा जोरात दाबून सोडा. वर येऊन शांत झाली तर ठीक, दोन-तीनदा डोलली तर शॉकअप मेला. (शांत झाली म्हणून शॉकअप ठणठणीत असं मात्र नाही, ही परीक्षा फक्त पार गेलेले पकडते.) मग खाली वाकून बघा, नळीवर तेलाचा ओघळ आहे का. आमच्या मागच्या डाव्या शॉकअपवर होता. म्हणजे मी काय केलं होतं? मेलेल्या शॉकअपच्या जोडीला आणखी कडक स्प्रिंग दिली होती. कडक स्प्रिंगला उलट जास्त जोराचा शॉकअप लागतो. मागची जोडी बत्तीसशेला आली. एक कधी बदलू नका, जोडीच बदला.

चौथं, लिंक रॉड आणि बुश. खडबडीत रस्त्यावर पुढून 'कटकट कटकट' येतं ना, ते बहुतेक वेळा लिंक रॉड असतात. दोन नटांचं काम. जोडी तेराशे. लोअर आर्मचे बुश तडकलेत का ते टॉर्च मारून बघा. हे बुश गेले की स्टिअरिंग फिरवल्यावर गाडी अर्धा क्षण विचार करते, मग वळते.

पाचवं, मागच्या स्प्रिंग. चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने मोजलं तर डाव्या-उजव्यात जवळजवळ दीड सेंटीमीटरचा फरक. स्प्रिंग बसल्या होत्या. घासण्याचं खरं कारण हे! कंपनीच्याच मापाची नवी जोडी, सव्वीसशे. शेवटी अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग, सातशे.

टायर सोडून बेरीज आठ हजार दोनशे पन्नास, मिस्त्रींची मजुरी वेगळी. आणि गाडी? बाबा पहिल्याच फेरीत म्हणाले, "ही नवीन होती तेव्हा अशी चालायची." कॉलनीच्या ब्रेकरला पाच जण असले की आजही बाबा गाडी तिरकी घेतात, एखाद्या वेळी घासतेही. चालतं.

यातलं घरी किती करावं? हवा, मोजमाप, तपासणी, लिंक रॉड हे बिनधास्त करा. गाडीखाली जायचं असेल तर जॅकच्या भरवशावर कधीही जाऊ नका, स्टँड लावा. आणि पुढची स्प्रिंग शॉकअपवरून सोडवायच्या भानगडीत पडू नका. एका पुढच्या चाकावर तीनशे किलो वजन धरलं आणि त्याने स्प्रिंग पंधरा सेंटीमीटर दाबली गेली असं मानलं, तर तिच्यात साठलेली ताकद म्हणजे तेवीस किलोचा दगड एक मीटरवरून तोंडावर पडण्याइतकी. त्याला कॉम्प्रेसर लागतो आणि वापरणारा हात लागतो. आमचे मिस्त्री तीस वर्षं हे काम करतायत आणि अजून स्प्रिंगच्या सरळ रेषेत उभे राहत नाहीत.

आता उरला एक आक्षेप, आणि तो खरा आहे. "रस्तेच असे आहेत त्याला आम्ही काय करणार?" मान्य. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमावलीत स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटीमीटर उंच, गोलसर सांगितला आहे, ताशी २५ किलोमीटरने गाडी अलगद जाईल असा. आपल्या गल्लीत रात्रीतून जो उगवतो तो हातभर रुंद आणि वीतभर उंच. त्यावर गाडी घासणारच. पण मग भांडण नगरसेवकाशी करा, महापालिकेत अर्ज द्या, चार शेजारी घेऊन जा. ते जमत नाही म्हणून आपण स्प्रिंगशी भांडतो, कारण ती बिचारी उलट बोलत नाही. तीच गत उसाच्या ट्रॉलीची. रिफ्लेक्टर लावायला साखर हंगामात दरवर्षी सांगतात, तरी काळोखात बिनदिव्याच्या ट्रॉल्या भेटतातच. त्या भेटणार हे धरूनच आपली गाडी अशी हवी की ऐनवेळी ओढली तर ऐकेल.

कायद्याचंही सांगून ठेवतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीच्या मूळ रचनेच्या विरुद्ध गाडीत बदल करता येणार नाही असं म्हटलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये बेकायदा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे पाच हजार दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. पण पोलिसाच्या भीतीने कोणी सुधारलंय असं मी पाहिलेलं नाही. मी स्वतः आईच्या टेंगळाने सुधारलो.

मागच्या शनिवारी त्या पोरांपाशी थांबलो. गाडीखालच्याला विचारलं, "हवा किती आहे रे?" तो म्हणाला, "पस्तीस असेल." म्हटलं, "असेल?" माझं गेज आणून दिलं. चार चाकं मोजेपर्यंत बफरचा खोका तसाच बाजूला पडला होता. पुढे त्यांनी तो बसवला की परत केला, माहीत नाही. आज संध्याकाळी गेज परत मागायला जायचंय, तेव्हा बघतो.

ता. क. - आमचे काढलेले बफर अजून माळ्यावर आहेत. कोणी फुकट मागितले तरी देणार नाही.